पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये

जिथे येशू पडला नव्हता तिथे ओदेत पडली. येशूने क्रूस वाहिला त्या वाटेवरच्या चौदा स्थानांपैकी पाचवं मागे राहिलं होतं, सहावं अजून तीस-चाळीस पायऱ्या वर होतं, आणि मधल्या चढावर, रसवाल्या नईमने सकाळी साबणाचं पाणी ओतून धुतलेल्या दगडावर तिचा उजवा पाय सटकन पुढे गेला. गटाला दिसावी म्हणून उंच धरलेली पिवळी छत्री हातातून सुटली आणि डावा हात आपोआप खाली आला. मनगटात काहीतरी कट्‌ झालं. दुखायच्या आधी तिला तो आवाजच ऐकू आला, जणू शेजारच्या घरातून आल्यासारखा. मग ती पायरीवर बसलेली होती, पाय पसरून, एकसष्ट वर्षांची बाई, स्कर्ट गुडघ्यापर्यंत ओला. मागून येणारी बावीस बोलिव्हियन माणसं थबकली. सगळ्यांत पुढे दोघांनी भाड्याचा लाकडी क्रूस खांद्यावर धरला होता.  नंतर एका बाईने गुडघे टेकले, तिचं बघून आणखी तिघींनी टेकले. मागे कुणीतरी हलक्या आवाजात स्तोत्र धरलं. ओदेतला आधी उमजेना. मग लख्ख कळलं की यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटतोय. तिसऱ्या स्थानापाशी तिनेच तर सांगितलं होतं, इथे तो पहिल्यांदा पडला, पुढे अजून दोनदा पडणार आहे. सात-आठ फोन वर झाले होते आणि त्यांच्या काळ्या काचांत ती बसली होती.

"अहो, मी पडलेय," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "खरीखुरी पडलेय."

स्तोत्राच्या दोन ओळी तरीही तशाच पुढे गेल्या. गटाबरोबर आलेले धर्मगुरू, फादर अन्सेल्मो, गर्दीतून वाट काढत यायला लागले. पण त्यांच्या आधी पोचली ती दोन्या सेनोबिया, म्हणजे सेनोबियाबाई, काळी टोपी घातलेली, बुटकी, पंच्याहत्तरीची डोंगराकडची म्हातारी. सकाळपासून ती दर स्थानाला मागे राहत होती आणि दर वेळी ओदेत मनातल्या मनात चरफडत तिच्यासाठी थांबत होती. म्हातारीने ओदेतकडे नीट बघून घेतलं, हुश्श करून तिच्या शेजारी ओल्या पायरीवर बसकण मारली आणि पाय ताणले.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला केव्हाचं बसायचं होतं. तुम्ही बसूच देत नव्हतात."

वाटाडी म्हणून काढलेल्या एकतीस वर्षांत ओदेत या पायरीवर कधी बसली नव्हती. इथे बसायचं काही कारणच नव्हतं. पाचव्या स्थानाशी येशूचा क्रूस थोडी वाट वाहणाऱ्या शिमोन कुरेनेकराची गोष्ट सांगायची, भिंतीतल्या खळग्याच्या दगडावर सगळ्यांना हात ठेवू द्यायचा आणि मग "चला, जपून" म्हणत एका दमात चढ चढून वरच्या कमानीपाशी वळायचं. मधली जागा म्हणजे नुसता रस्ता. आता खालून बघताना तो चढ तिला अनोळखी वाटला. बुटांचे तळवे, झग्यांच्या कडा, दुकानाबाहेर टांगलेल्या लाकडी जपमाळांची खालची टोकं, नईमच्या टोपलीतून घरंगळलेला हिरवा बदाम. मनगट आता दुखायला लागलं होतं, आणि दुखणं वाढत होतं. एवढ्यात नईम दुकानातून हात पुसत बाहेर आला, तिला बघून त्याचा चेहराच उतरला आणि तो गल्लीभर ओरडला, "अरे, ओदेत पडली! खुर्ची आणा रे कुणी, ओदेत पडली!"

आपलं नाव असं गल्लीत वरखाली फिरताना तिने आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

तिचे वडील जिर्यस क्रूस परत नेण्याचं काम करायचे. यात्रेकरू पहिल्या स्थानाला क्रूस भाड्याने घ्यायचे, आळीपाळीने वाहत, रडत, गात येशूच्या कबरीवरच्या चर्चच्या चौकापर्यंत आणायचे आणि तिथे भिंतीला टेकवून आत जायचे. पुढचं कुणी बघायचं नाही. जिर्यस एका खांद्यावर दोन, कधी तीन क्रूस घ्यायचे आणि सगळी वाट उलटी चालत खाली पहिल्या स्थानाशी, येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताच्या अंगणापर्यंत आणून ठेवायचे, दिवसातून सहा खेपा. गर्दी वर येत असायची आणि हा माणूस तोंडात सिगरेट धरून, शीळ घालत, "बाजूला, बाजूला" असं चार भाषांत ओरडत खाली जात असायचा. त्यांना मुलगा नव्हता. म्हणून गल्लीतल्या लोकांनी त्यांना थोरल्या मुलीच्या नावाने हाक मारायची पद्धत पाडली होती, अबू ओदेत, ओदेतचा बाप. जिर्यसना ती हाक आवडायची. ओदेतला लहानपणी आवडायची, नंतर आवडेनाशी झाली. नन्सच्या शाळेत डॉक्टरांच्या, वकिलांच्या, मोत्याच्या शिंपल्याचं कोरीवकाम विकणाऱ्यांच्या मुली होत्या. त्यांतली एक, क्लेमांस नावाची, फार हळू आणि फार गोड आवाजात विचारायची, "तुझे वडील क्रूस पिलाताला परत का देतात गं? त्याला नको होता म्हणून ना दिला त्याने?" बाकीच्या हसायच्या. ओदेतही हसायची. आपण त्यांच्याबरोबर हसलो की आपल्याला कमी लागतं, हे तिने फार लवकर शिकून घेतलं होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर चौघीजणी याच चढावरून खाली उतरत होत्या. पाऊस पडून गेला होता. पुढे काहीतरी धडाधडा कोसळल्याचा आवाज झाला, लाकडावर लाकूड, आणि पाठोपाठ दुकानादुकानांतून हाकाटी उठली, अबू ओदेत पडला, अरे अबू ओदेत पडला! क्लेमांसने मान वळवून तिच्याकडे बघितलं. बाकीच्या दोघींनीही बघितलं. गल्लीतल्या प्रत्येक तोंडात तिचं नाव होतं आणि ते पडलं होतं. जिर्यस पायरीवर पाठीवर आडवे, एक क्रूस त्यांच्या पायावर, दुसरा गटाराच्या जाळीपर्यंत घसरत गेलेला. टोपी निघून टक्कल दिसत होतं. कुणीतरी मस्करीत म्हणालं, "बघा, तो तीनदा पडला, याचा हा चौथा." लोक हसले. वडिलांनी डोळे उघडले आणि ते डोळे सरळ तिच्या डोळ्यांत आले. ओदेतने दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि क्लेमांसला म्हणाली, "चल ना, उशीर होतोय." चौघी भिंतीकडून अंग चोरून निघून गेल्या. मागे वळून तिने बघितलं नाही. रात्री जेवताना वडिलांनी नेहमीसारखं विचारलं, गणिताच्या बाई आज काय म्हणाल्या. आईने त्यांच्या पाठीला ऑलिव्हचं तेल गरम करून लावलं. त्या घरात त्या दिवसाबद्दल कुणी कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं तिला अठरा वर्षांनी, वडिलांची शवपेटी उतरताना, पहिल्यांदा वाटलं होतं, आणि त्या विचाराला तिने तिथेच माती दिली होती.

फोन वाजला. उजव्या हाताने तिने तो कसाबसा पर्समधून काढला. यात्रा कंपनीचा मालक अनीस. नईमने एवढ्यात त्याला कळवलंही होतं.

"तू बसलीस तिथेच बस," अनीस म्हणाला. "मी रफीकला पाठवतो. दहा मिनिटांत येईल. तो गट पुढे नेईल."

"रफीकला स्पॅनिश येत नाही."

"अगं, त्यांना काय, दगड दाखवायचेत! ओदेत, हे बघ, हट्ट करू नकोस. मी तुला म्हटलं होतं."

म्हटलं होतं, हे खरं होतं. दीड वर्ष शहरात यात्रेकरू फिरकले नव्हते. दुकानांवर लोखंडी दारं ओढलेली, चौकात मांजरं. पुन्हा गट यायला लागले तेव्हा अनीसने तिला खिडकीजवळची खुर्ची देऊ केली होती, टेलिफोन, पंखा, हॉटेलांची आरक्षणं. "आता तुझं चढायचं वय आहे का?" तिने खुर्चीला हातही लावला नाही. अखेर त्याने हात टेकले. "एक गट देतो. बघू." हाच तो गट. बघायचं होतं ते आता त्याने बघितलं होतं.

"अनीस, मी बावीस जणांना पहिल्या स्थानावरून घेतलंय. चौदाव्याला सोडीन. मग तुला काय म्हणायचं ते म्हण." आणि तिने फोन बंद केला. आवाज स्थिर राहिला होता. तेवढ्याचं तिला समाधान वाटलं.

फादर अन्सेल्मोंनी मनगट बघितलं. ते धर्मगुरू व्हायच्या आधी खाणीतल्या दवाखान्यात काम करत असत. "मोडलंय," ते म्हणाले. "इस्पितळात जायला हवं."

"जाईन. आधी बांधून द्या."

तिचाच गळ्यातला रुमाल सोडून त्यांनी हात छातीशी बांधला. नईमने खुर्ची आणली होती, ती बिनवापराची परत गेली. तो सारखा "माझंच चुकलं, सित्त ओदेत, देवाशपथ माझंच चुकलं" म्हणत होता. दोन्या सेनोबियाने उठण्यासाठी हात पुढे केला. कोण कुणाला उठवतंय हे कळेना, पण दोघी उठल्या.

सहावं स्थान म्हणजे भिंतीतलं एक लहान दार. इथे गर्दीतून एक बाई पुढे आली आणि तिने येशूच्या तोंडावरचा घाम आणि रक्त आपल्या ओढणीने पुसलं. इथे सांगायची ओदेतची ठरलेली वाक्यं होती आणि शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं, कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. ती आवाज खाली आणायची, गटातल्या प्रत्येकाकडे एकेकदा बघायची आणि म्हणायची, "तुम्ही त्या दिवशी इथे असता, तर तुम्हीही पुढे आला असता." हमखास डोळे ओले व्हायचे. एका पोर्तुगीज बिशपने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. आज ती दारासमोर उभी राहिली, मनगटातला ठोका कानापर्यंत पोचत होता, बावीस चेहरे तिच्याकडे लागले होते आणि ते वाक्य तोंडाशी येऊन तिथेच थांबलं. त्या दिवशी या गल्लीत किती माणसं असतील? हजार? पुढे आली एक. बाकीची माणसं काही वाईट नव्हती. कुणाला उशीर होत होता. कुणाबरोबर मैत्रिणी होत्या. एकतीस वर्षं ती लोकांना एका बाईची गोष्ट सांगत आली होती आणि स्वतः मात्र उरलेल्यांत उभी होती. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आज ते मनगटात होतं, एवढंच.

"इथे एक बाई पुढे आली," ती म्हणाली. "एकच." मग थोडं थांबून, "म्हणा तुमचं स्तोत्र."

त्यांनी म्हटलं. कुणी रडलं नाही. तिला हायसं वाटलं.

बाजारातून सातव्या स्थानाकडे जाताना मसाल्यांच्या पोत्यांचा वास तिच्या घशाशी आला आणि एकदा डोळ्यांपुढे काळं झालं. तिळाच्या पावाची गाडी मागून आली. ओदेतने अंग वळवून दुखरी बाजू भिंतीकडे घेतली. ती पावलं मोजत नव्हती, फक्त पुढची पायरी बघत होती. छत्री आता उजव्या हातात होती, उंच. खांदा भरून आला तरी तिने ती खाली आणली नाही. कारण छत्री खाली आली की गट विस्कटतो. नवव्या स्थानाकडे जाणाऱ्या लांब जिन्याशी दोन्या सेनोबिया म्हणाली, "मी इथेच थांबते, तुम्ही जाऊन या." ओदेत म्हणाली, "आपण दोघी शेवटी जाऊ. एक पायरी, मग श्वास." तशाच त्या चढल्या. मधे एकदा म्हातारीने विचारलं, "फार दुखतंय?" ओदेत म्हणाली, "हो." आणि पुन्हा चढायला लागल्या.

वर चर्चच्या छपरावर इथिओपियन साधूंच्या मातीच्या खोल्या आहेत. एक उंच, कृश साधू दारात बसून वाळलेल्या शेंगा निवडत होता. गट घुमटाभोवती फोटो काढायला पांगला. दोघी कठड्यावर बसल्या. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. ओदेतने काही ठरवलं नव्हतं. इथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं आणि परवा जी विमानात बसून हजारो कोस लांब जाणार होती, अशा बाईशेजारी ती बसली होती, म्हणून असेल. तिने सगळं सांगितलं. क्रूस, दप्तर, क्लेमांस, डोळे. आवाज सपाट होता, स्थानाची माहिती सांगावी तसा.

दोन्या सेनोबियाने शेवटपर्यंत ऐकलं. मग टोपी काढून कपाळ पुसलं.

"वडील आहेत?"

"नाहीत. बत्तीस वर्षं झाली."

"मग आता काय करता येणार?" म्हातारी म्हणाली. "काही नाही." थोड्या वेळाने तिने सवडीने विचारलं, "मारायचे का तुम्हाला?"

"कधीच नाही."

"हं. म्हणजे जास्तच अवघड." आणि ती उठली. "चला, खाली रांग वाढत असेल."

इतक्या वर्षांत ओदेतला पाप, क्षमा, प्रायश्चित्त यांवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगितलं होतं. "म्हणजे जास्तच अवघड" असं कुणी म्हणालं नव्हतं. ते ऐकून तिला कुणीतरी खरोखर तिच्या बाजूला येऊन बसल्यासारखं वाटलं.

क्रूस उभारला होता ते गुलगुथा झालं, मृतदेहाला तेल लावलं तो अभिषेकाचा दगड झाला. कबरीच्या रांगेत तासभर गेला. वाटाडे कधी आत जात नाहीत. ते बाहेर उभे राहून माणसं मोजतात आणि आत पाठवतात. ओदेत शेवटची कबरीत गेली होती ती वाटाड्याचा परवाना मिळाला त्याच्या आदल्या दिवशी. पण आतलं दार फार ठेंगणं आहे आणि दोन्या सेनोबियाला एकटीने वाकवेना. तेव्हा ओदेतने छत्री फादर अन्सेल्मोंकडे दिली आणि उजव्या हाताने म्हातारीला धरून स्वतःच वाकली. मनगट छातीवर दाबलं गेलं आणि दुखण्याने तिचा श्वास अडला. आत दोघींपुरती जागा. संगमरवराच्या थंड फळीवर म्हातारीने कपाळ टेकलं आणि आपल्या भाषेत, स्पॅनिश नव्हे, डोंगरातल्या भाषेत काहीतरी पुटपुटायला लागली. ओदेतने काही मागितलं नाही. तिने फक्त वडिलांचं नाव घेतलं, अबू ओदेत नव्हे, त्यांचं स्वतःचं. जिर्यस. मग पुन्हा एकदा. बाहेरून ग्रीक साधूने भिंतीवर टकटक केलं. चला, चला. ही टकटक तिच्या ओळखीची होती. हिच्याच तालावर तिने हजारो माणसांना दहा सेकंदांत बाहेर यायला शिकवलं होतं.

"थांबा जरा," ती ग्रीकमध्ये म्हणाली.

"ओदेत? तू आहेस आत?"

"मी आहे. थांबा."

साधू थांबला. म्हातारीचं पुटपुटणं आपणहून संपेपर्यंत ओदेत गुडघ्यांवर राहिली.

बाहेर चौकात अनीस उभा होता, कपाळावर घाम, हातात गाडीची किल्ली. त्याने गटाला हसून हॉटेलच्या बसकडे लावून दिलं. दोन्या सेनोबियाने जाताना ओदेतच्या गालावर दोन बोटं ठेवली. तिची काळी टोपी कमानीखालून दिसेनाशी झाल्यावर अनीस ओदेतकडे वळला. तो रागावलेला होता, पण त्याचे डोळे रागाचे नव्हते. दोघं एकाच अंगणात वाढलेली.

"मोडका हात घेऊन नऊ स्थानं! तुझं डोकं ठिकाणावर आहे का? उद्या पडलीस आणि डोकं फुटलं तर मी मार्सेलला काय सांगू?" मार्सेल तिची बहीण, चिलीत असायची.

"सांग, मी चढावर पडले. बाबा पडले तिथेच."

त्याची नजर जमिनीवर गेली आणि तिच्या ध्यानात आलं की यालाही ठाऊक आहे. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक असणार. पन्नास वर्षं तिने जे एकटीचं म्हणून जपलं होतं ते चव्हाट्यावरच होतं.

"ऐक," अनीस हळू आवाजात म्हणाला. "त्या दिवशी संध्याकाळी जिर्यसकाका आमच्याकडे चहाला आले होते. माझ्या वडिलांना म्हणाले, माझी पोरगी कशी ताठ मानेने गेली बघ. अशीच जायला हवी. हिला मी क्रूस वाहायला नाही, पुढे जायला शिकवतोय. असं म्हणाले ते. हसत होते. मी तिथेच होतो. तेव्हा तू उगाच..."

ओदेतने त्याच्याकडे बघितलं. कदाचित वडील खरंच तसं म्हणाले असतील. तसं म्हणण्यासारखेच ते होते. कदाचित अनीसने ते आत्ता, इथे उभ्या उभ्या, तिच्यासाठी रचलं असेल. तो तेवढा चांगला होता. ते वाक्य तिच्यासमोर सावलीतल्या बाकासारखं होतं. बसलं असतं तर कुणी उठवलं नसतं.

"म्हणाले असतील," ती म्हणाली. "पण मी त्यासाठी गेले नव्हते, अनीस. मला त्यांची लाज वाटली होती. मी बघितलं, त्यांनी बघितलं आणि मी गेले. ते असंच राहू दे."

"कशाला राहू दे? एवढ्या वर्षांनी?"

"कारण ते तसं आहे."

चर्चची घंटा वाजायला लागली, त्यामुळे दोघांनाही थांबावं लागलं. घंटा संपली तेव्हा तिचं डोकं विलक्षण स्वच्छ होतं.

"गुरुवारी कोलंबियाचे अठरा जण आहेत," ती म्हणाली. "सकाळी सातला, पहिल्या स्थानाशी. गट माझा."

"प्लास्टर घालून?"

"प्लास्टर घालून. त्या गटातही कुणीतरी हळू चालणारं असेल. रफीकला हळू चालता येत नाही."

अनीसने हातातली किल्ली एका बोटावरून दुसऱ्यावर फिरवली. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी दुसरीकडे विचारीन. एकसष्टाव्या वर्षी. तुला ऐकायला बरं वाटेल का ते तू बघ."

तो हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले. "बरं बाई. गुरुवार तुझा. पण आत्ता, मरियेची शपथ, इस्पितळात चल. गाडी शहराच्या दरवाज्याबाहेर आहे. हे उतार मला तुझ्यामागे धावत उतरता येणार नाहीत. माझेही गुडघे साठ वर्षांचे आहेत." आणि त्याने कोपर पुढे केलं.

गल्ली उतरती होती आणि दुपारच्या उन्हात दगड आरशासारखे चकाकत होते. ओदेतने एकदा पायांखाली बघितलं. मग तिने उजवा हात त्याच्या कोपरात घातला, घट्ट धरला आणि म्हणाली, "चल. पण सावकाश."